किल्ली देण्याआधी

थांबा मॅडम, हे कुलूप असं उघडत नाही.
किल्ली पूर्ण आत घालायची,
केसाइतकी मागे ओढायची,
मग फिरवायची.
तेल नका सोडू त्यात, धूळ धरतं.
पेन्सिलीचं शिसं कुटून फुंकायचं,
वर्षभर बघावं लागत नाही.

तुम्ही निकुंभ ना, नंदुरबारच्या?
म्हणजे उन्हाळा तुम्हाला सांगायला नको.
तरी कूलर सांगतो.
अमळनेरात आमच्या या गल्लीला बोअरचं पाणी, जड;
पंपाच्या तोंडाशी पांढरी खर बसते.
लिंबूसत दोन चमचे, कोमट पाणी,
रात्रभर पंप बुडवून ठेवा.
गवताच्या जाळ्या होळीलाच बदला,
आखाजीपर्यंत थांबलात तर
दुकानदार तुमच्या घामाकडे बघून भाव सांगतो.
आणि हात घालण्याआधी पिन काढायची.
बटण बंद म्हणजे बंद नव्हे.
हे एकदाच सांगतो, तुम्ही दोनदा ऐका.

गच्चीला चुना मार्चात.
नुसता चुना पहिल्या सरीत वाहून जातो,
थोडं फेविकॉल घाला.
एक हात उभा, एक आडवा,
दोन्ही ऊन उतरल्यावर.
दुपारी लावलेला चुना पापडासारखा सुटतो,
मग पिंजाऱ्यांच्या गच्चीवरून त्यांची पोरं विचारतात,
काका, पापड वाळले का?

मोरीतला नळ गळेल.
नळ बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका,
आतला वायसर बदला, चार-पाच रुपयांचा.
आधी वरचा कॉक बंद, मग पाना.
पहिल्या वर्षी मी उलटं केलं.
छतापर्यंत कारंजं,
आणि ही दारात बादली घेऊन उभी, हसून बेजार.
बादली उपडी धरली होती तिने.

सुरत लाइनीवर मालगाडी गेली
की खिडकीची काच बोलते.
आगपेटीची काडी दुमडून खाचेत सारा, गप्प होते.
पण रात्री दोनच्या गाडीला
ती बोलली नाही तर झोपमोड होते.
तुमची नाही होणार. माझी व्हायची.

आता ही भेग.
आल्यापासून तुम्ही तिच्याकडेच बघताय,
वीस हजार तिच्याच नावाने कमी करून घेतलेत,
घेतलेत ते बरोबर घेतलेत.
खाली काळी जमीन आहे.
वैशाखात आटते, भादव्यात फुगते,
घर तिच्या कडेवर;
ती जरा हलली की हे हलतं.
सुपडू मिस्त्रीला बोलावलं होतं तेव्हा.
छिन्नीला हात न लावता म्हणाला,
"पयले देख, मंग ठोक."
भेगेच्या टोकाशी पेन्सिलीची रेघ मारायची,
शेजारी तारीख.
पुढे सरकली तर दुखणं खालचं,
तिथेच थांबली तर नुसतं वरचं.

बघा. बारा मे अठ्ठ्याण्णव.
हे अक्षर माझं नाही.
मी बियाणं कंपनीच्या दौऱ्यावर, शिरपूर, शहादा, तळोदा;
तारखा हिने घातल्या.
नऊ असा आडवा पडलेला काढायची.
इथे एका रेघेपाशी "पाहुणे आले" एवढंच लिहिलंय,
कोण आले ते नाही.
शेवटची रेघ सोळा सालची.
भेगेने ती ओलांडलेली नाही.
म्हणजे भरायला हरकत नव्हती.
मिस्त्रीने सांगितलं त्यातलं अर्धं मी नीट केलं,
बघत राहिलो.

तुम्ही भरा.
कडा खरवडून खाच रुंद करा,
धूळ ब्रशने झाडा, पाणी शिंपडा,
जाळीची पट्टी, वर पुट्टी,
वाळली की कागदाने घासा.
घाई नको, पण पुढच्या वर्षावर टाकू नका.
रंग कुठलाही द्या, मला विचारू नका.

पेन्सिल चौकटीमागे खिळ्याला बांधली आहे,
तिचंच शिसं कुलपाला.
ती घराबरोबर धरा.
पंखे, टाकी, जिन्यातला बल्ब, सगळं तुमचं.

मोरीतली बादली तेवढी मी नेतो.
व्यवहारात ती धरली नव्हती.